उघडायचं आप्पांनी, आवळायचं मी

आमचे आप्पा इंजिनचं ऑइल कापडासारखं पारखायचे. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा, डोळे मिटून हळूहळू चोळायचा आणि मग निकाल द्यायचा, "पोत गेला ह्याचा. बदलावं लागतंय." बाकीचे लोक रंग बघतात, किलोमीटर मोजतात. आप्पांनी आयुष्यभर कापड विकलं होतं. त्यांच्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मूळचे उदगीरचे. लातूरला त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं, पण खरा धंदा आठवडी बाजारांचा. त्यासाठी त्यांनी पांढरी व्हॅन घेतली, मागची सीटं काढून टाकली आणि साड्या-धोतरांचे गठ्ठे घालून अहमदपूर, कंधार, किल्लारी असे बाजार करू लागले. एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर कंधारच्या अलीकडे गाडी बंद पडली. मिस्त्री येईपर्यंत बाजार उठला आणि गठ्ठे जसे गेले तसे परत आले. "त्या दिवशी ठरवलं," आप्पा सांगायचे, "आपल्या गाडीसाठी दुसऱ्याची वाट बघत रस्त्यावर बसायचं न्हाई." पुढे गाडी जिथे जिथे मिस्त्रीकडे गेली, तिथे आप्पा त्याच्या पाठीमागे उभे राहिले. प्रश्न विचारून विचारून त्या माणसांना भंडावून सोडलं असेल, यात मला शंका नाही. दोन-तीन वर्षांत मिस्त्रीची गरज संपली.

त्यांची हत्यारं कापडवाल्याला शोभतील अशी होती, म्हणजे जुन्या साडीच्या कटपीसमध्ये गुंडाळलेली, आकाराप्रमाणे रचलेली. हात पुसायलाही कटपीस. आमच्या गाडीखाली पडलेलं फडकं एखाद्या बाईला पोलक्याला चाललं असतं. क्लचची केबल आणायची तर ते जुनी केबल छातीपासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत धरून मापायचे आणि स्पेअरपार्टच्या दुकानात नुसता हात पसरून दाखवायचे. दुकानदार हसायचा, पण माप चुकल्याचं मला आठवत नाही.

घट्ट बसलेल्या नटाशी मात्र ते कानडीत बोलत. एरवी घरात आम्ही सगळे मराठीच. पण गाडीखालून "बा, बा, बारो," असं ऐकू आलं की समजायचं, नट गंजलाय आणि त्याला 'ये, ये रे' अशी विनवणी चालू आहे. मग आवाज चढायचा. मग जे शब्द यायचे ते ऐकून अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या. मी एकदा अर्थ विचारला. "तुला गाडी शिकायची का कानडी?" एवढंच म्हणाल्या.

दुसरी एक गोष्ट आप्पांची कधी चुकली नाही. सकाळची लिंगपूजा. आंघोळ करून, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसले की पूजा संपेपर्यंत मौन. त्या वेळात घरात कोणी पडो, झडो, पाहुणा येवो, आप्पा उठत नसत. त्यांच्या सख्ख्या भावाच्या निधनाचा फोनसुद्धा अव्वांनी पूजा होईपर्यंत धरून ठेवला होता.

आप्पांनी बाजार करणं सोडलं तेव्हा व्हॅन माझ्याकडे आली. मी मेस चालवते. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलामुलींना दोन वेळचे डबे पोचवायचे, तर गाडी हवीच. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा, आणि गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे त्याला अजून नीट माहीत नाही. चालवायची मी आणि दुरुस्त करायचे आप्पा, अशी वाटणी झाली. काही वर्षं छान चाललं.

मग आप्पांच्या हाताला कंप सुटला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ते पुढे ढकलत राहिले. प्लग काढताना पाना हातातून सुटायचा. मला काळजी प्लगची नव्हती. प्लग बिघडला तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर थांबत नाही. त्या गाडीत रोज मी बसायची आणि शिकवणी सुटण्याच्या वेळी पोरांनी गच्च भरलेल्या गल्ल्यांमधून ती काढायची. कोणाला तरी इजा होण्याआधी आप्पांच्या हातातून पाना काढून घ्यायचा होता, आणि तो काढून घेतल्यावर आप्पांकडे करायला काही उरणार नव्हतं. एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं.

एकदा ते लग्नासाठी उदगीरला गेले तेव्हा मी गाडी गुपचूप गॅरेजला नेली. चांगला माणूस होता, काम चोख केलं. आप्पा परत आले, गाडी चालू करायला सांगितली, नुसते बाजूला उभे राहिले.

"कुणी हात लावला हिला?"

"कुणी नाही, आप्पा."

"मंगल, परक्यानं आवळलेला नट मला ऐकू येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं उघडलं आणि पुन्हा स्वतः बसवलं. म्हणजे चांगल्या झालेल्या ब्रेकला कापणारे हात लागले. त्यानंतर मी गॅरेजचं नाव काढलं नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर घरापुढच्या मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून बघायची, एवढंच करत राहिले.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच आप्पा मागच्या चाकाशी बसले होते. ब्रेकचे लायनर बदलत होते. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. कात्री, विळी, कापड मापायचा लोखंडी गज, आणि आप्पांचे सगळे पाने. धुऊन, पुसून, प्रत्येकाला भस्माचे पट्टे ओढून पाटावर मांडायचे. एकदा पाटावर गेलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची पूजा झाल्यावरच उचलायचं. मध्ये हात लावायचा नाही. याबाबतीत अव्वा कडक.

अव्वा परडी घेऊन अंगणात आल्या. "द्या हत्यारं. पूजेची वेळ टळून चाललीय."

"आलोच की. चाक बसवून राहिलो."

"सकाळपासून बसवूनच राहिलाव. ती गाडी काय सीमोल्लंघनाला निघाली का आत्ताच?"

आप्पांनी चाक चढवलं, नट हाताने फिरवून बसवले, जॅक उतरवला आणि जॅकसकट सगळं परडीत टाकलं. उद्या पूजा झाली की पान्याने आवळू, असा त्यांचा हिशेब. गाडी उभीच तर राहणार होती. हे ते कोणाला बोलले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी आप्पा लिंगपूजेला बसले. मी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सुट्टीला गावी न गेलेल्या पोरांसाठी पुरणपोळीचे डबे होते, ते गरम पोचावेत म्हणून लवकर निघाले. लिंबू चिरडून गाडी गल्लीत आली. मागून खडखड ऐकू आली. मला वाटलं डबे आदळतायत. मग गाडी मागच्या बाजूने डुलायला लागली. मी वेग कमी केला, आणि आरशात पाहिलं.

आरशात आप्पा पळत येत होते. उघडे, कमरेला पूजेचं रेशमी धोतर, कपाळाला ओलं भस्म, डावी मूठ छातीशी घट्ट धरलेली, आणि उजव्या हातात चाकाचा पाना. पान्यालाही भस्माचे पट्टे आणि चिकटलेलं झेंडूचं फूल. सणासाठी नटूनथटून दारात उभी असलेली गल्ली थक्क होऊन बघत होती. आप्पा ओरडत होते, "थांब! मंगल, थांब! ब्रेक हळू मार!"

मी थांबले. खाली उतरून बघते तर मागचं चाक तिरपं झालेलं. एक नट नव्हताच, बाकीचे शेवटच्या आट्यांवर लोंबत होते. पुढच्या वळणावर मोठा रस्ता होता. तिथे गाडी मी नेहमी जोरात काढते.

आप्पांना धाप लागली होती. डाव्या मुठीतलं लिंग त्यांनी गळ्यातल्या करडकीत, म्हणजे लिंगाच्या डबीत, ठेवलं, खाली बसले आणि पाना नटावर बसवू लागले. तो बसेना. नटाच्या आजूबाजूला नुसता वाजत राहिला, टक टक टक. त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिला. तरी तेच. थोड्या वेळाने त्यांनी पाना माझ्यापुढे केला.

"इसरलो मी," ते म्हणाले. "पूजेत बसलो अन् गाडीचा आवाज आला, तवा आठवलं."

"पूजेतून उठलात, आप्पा?"

"मग काय बसून राहू? तू गाडीत होतीस की." मग लगेच, "ओळीनं नको आवळू. समोरासमोरचे घे. एक हा, मग त्याच्या समोरचा."

मी आवळले. गळालेला नट शेजारच्या वहिनींना त्यांच्या रांगोळीत सापडला. तो बसवला. घरी आल्यावर अव्वा दारात उभ्या होत्या. पूजा मोडलेली, पाटावरचं हत्यार उचललेलं. आता काय ऐकावं लागतंय या विचाराने आप्पा मान खाली घालून उभे राहिले. अव्वांनी आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पुन्हा आंघोळ करा," त्या म्हणाल्या. "अन् रेशमी भिजत टाका. ग्रीस लागलंय."

त्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर आप्पांनी मला अंगणात बोलावलं आणि नवा कायदा सांगितला. "आजपासून उघडायचं मी. आवळायचं तू. तू आवळल्याबिगर गाडी हालणार न्हाई." मी इतकी वर्षं शोधत होते ते उत्तर हे होतं. पाना काढून घ्यायचा नव्हता, अर्धा घ्यायचा होता. त्या रात्री मी फार दिवसांनी शांत झोपले.

कायदा दोन्ही बाजूंनी पाळला गेला. आवळायचं काम माझं, म्हणून बसवायचंही हळूहळू माझ्याकडे आलं, कारण वाकडं बसवलेलं नीट आवळता येत नाही. आप्पा खुर्ची टाकून बसायचे आणि चुका काढायचे. "पोळी लाटून राहिली का? जोर लाव." "इतका नको, आटे मारशील." एकदा मीही एका नटाला "बारो, बारो" म्हटलं, तेव्हा ते खुर्चीतून पडायचेच बाकी होते. पण उघडायचा हक्क त्यांनी सोडला नाही. पहिला नट सैल करायला ते कापत्या हाताने पाना धरायचे, मी वरून हात ठेवायची, आणि उघडलं त्यांनीच, असं दोघंही धरून चालायचो.

आप्पा गेल्या थंडीत गेले. घरात, स्वतःच्या अंथरुणावर, वयाने. त्यांच्या दुरुस्तीने कोणाला खरचटलंसुद्धा नाही. लोक सांत्वनाला येऊन हळहळले. मला दुःख होतं, पण त्याखाली मोठी सुटका होती, आणि तिची मला लाज वाटली नाही.

ते जाण्याच्या आठवडाभर आधी मी दुपारचे डबे देऊन आले. अंगणात गाडी लावली, आत आप्पांच्या खाटेजवळ बसले आणि सवयीने सांगितलं, "आप्पा, वळताना पुढून डावीकडून घर्र आवाज येतोय."

एरवी त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. ते डोळे मिटूनच म्हणाले, "मग मला काय सांगून राहिलीस? जॅक लाव की."

"उघडायचं कोणी?"

"तूच उघड."

मी बाहेर गेले, जॅक लावला, चाक उघडलं. ब्रेकच्या पत्र्यात बारीक खडा अडकला होता. तो काढला, चाक चढवलं, समोरासमोरचे नट आवळले. जॅकवरच चाक एकदा फिरवून पाहिलं. आवाज गेला होता. या सगळ्या वेळात आतून एक सूचना आली नाही, खोकला नाही, हाक नाही. मला धास्ती वाटली आणि ग्रीसच्या हातानेच मी आत धावले.

आप्पा घोरत होते. गाडी जॅकवर असताना ते झोपलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.