होर्नचा अर्धा नकाशा

मी राहतो त्या झूटरमेर या डच गावाहून होर्नला निघालो तेव्हा रेल्वेच्या डब्यात मी धरून चार माणसं. चौघं चार कोपऱ्यांत, तोंडाला मोंटकाप्ये (मुखपट्टी) लावून. कित्येक महिने बंद असलेली संग्रहालयं नुकतीच उघडली होती. घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली होती, म्हटलं, चला, जुनं बंदर तरी बघू.

होर्न देखणं आहे. पुढे झुकलेली विटांची घरं, धक्क्याला बांधलेली शिडाची जहाजं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा वारा. धक्क्यावर हारिंग (कांदा घातलेला खारवलेला कच्चा मासा) घेतला. पहिला घास कसाबसा गिळतोय तोच एका समुद्रपक्ष्याने उरलेला मासा पळवला. सुंठीवाचून खोकला गेला!

संग्रहालयात मी एकटाच होतो. सत्तरी ओलांडलेले एक स्वयंसेवक आजोबा दीड मीटर लांबून माहिती सांगत होते. भिंतीवर उत्तर अमेरिकेचा जुना नकाशा होता. किनारा नावांनी गजबजलेला, आतला मुलूख कोरा. त्या कोऱ्या मुलखात इथली माणसं बर्फ तुडवत गेली, बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यासाठी. त्याच्या टोप्या युरोपात खपायच्या.

"आत काय सापडलं त्यांना?" मी विचारलं.

"थडगी," आजोबा म्हणाले. "देवीची साथ त्यांच्या आधीच तिथे पोहोचली होती. किनाऱ्यावर उतरलेल्या आमच्याच लोकांकडून गेलेली. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आपण काय घेऊन आलोय ते."

मी तिथल्या बाकावर बसलो. मला ठाऊक होतं.

मागच्या हिवाळ्यात बाबांच्या पंच्याहत्तरीला पुण्याला गेलो होतो. सात दिवस खोलीबाहेर पडणार नाही, असं विमानतळावर लिहून दिलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी घसा धरला. खाली आईने कणकेचे पंच्याहत्तर दिवे लावले होते. तिने बाबांना ओवाळलं आणि जिन्याकडे बघितलं. मी एक गोळी घेतली, खाली उतरलो आणि बाबांच्या पाया पडलो. घशाचं कुणालाच बोललो नाही. पुढच्याच आठवड्यात बाबांना दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. आई सगळ्यांना सांगायची, दूधवाल्याकडून आलं असेल. मीही शेजारी उभा राहून मान डोलवायचो. लाज वाटते लिहायला.

परतीच्या गाडीत बसलो आणि आईला फोन लावला.

"आई, त्या दिवशी माझा घसा दुखत होता गं. मी लपवलं."

 ती म्हणाली, "माहीत होतं रे."

"मग तो दूधवाला?"

"कुणावर तरी ढकलायला हवं होतं ना! तुझ्यावर कशी ढकलू?"

"आणि बाबा?"

"त्यांना तर तुझ्या आवाजावरूनच कळलं होतं. मी खुणावलं, लांबूनच आशीर्वाद द्या. नंतर मलाच म्हणाले, दोन वर्षांनी पोरगं वाकत होतं, पाय मागे कसे घेऊ?"

मी हमसून हमसून रडलो. कोपऱ्यातल्या बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर सपाट हिरवी कुरणं आणि त्यांतून गेलेले पाण्याचे पाट, झूटरमेरपर्यंत तेच. वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल.

घ्यायला हवे होते हो बाबा, पाय मागे.