रविवारी बुडणाऱ्या आत्या

आत्या दर रविवारी बुडायच्या. सकाळी पोरांचं पोहणं आटोपलं की त्या मळ्यातल्या विहिरीच्या मधोमध जायच्या, दोन्ही हात वर करायच्या आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायच्या, "अगं बया, मेले! बुडाले! कुणीतरी धावा!" मग गटांगळी खायच्या, वर यायच्या, पुन्हा ओरडायच्या. नवीन आलेल्या आयांचे चेहरे पांढरे पडायचे. जुनी पोरं मात्र टाळ्या पिटायची, कारण ही आत्यांची परीक्षा असायची.

त्या मांजरी गावच्याच लेक. लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी परत आल्या आणि भावाच्या मळ्यात राहिल्या, म्हणून साऱ्या गावाच्या आत्या झाल्या. आम्ही यवतमाळकडून आलेले. माझे मालक कारखान्यात लागले आणि आम्ही मळ्याशेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत भाड्याने राहायला आलो. मीही त्यांना आत्याच म्हणू लागले. तेव्हा त्यांची साठी उलटली होती. अंगाने काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि पाण्यात उतरल्या की वय काठावर ठेवल्यासारख्या.

आमच्या खोल्यांमागून कालवा वाहायचा. उन्हाळ्यात पोरं त्यात डुंबायला जायची. माझी रेणू तेव्हा आठ वर्षांची, भीती म्हणून ठाऊक नाही. मी भाकऱ्या थापायला बसले की ही कालव्याकडे पसार. मी मारून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी शेजारणीने सांगितलं, की आत्यांकडे घेऊन जा. मी गेले, पण तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटेना. अनोळखी माणसासमोर माझं नेहमी असंच होतं. आत्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा रेणूकडे पाहिलं.

"पोर पाण्याला भीत न्हाय, असंच ना?"

मी मान हलवली.

"मग लई अवघड हाय. भिणारं पोर मी आठ दिसात पवायला शिकवते. न भिणाऱ्याला भ्यायला शिकवायचं म्हंजे उन्हाळा जातो सारा."

पहिले तीन दिवस त्यांनी कुणाला पोहू दिलं नाही. फक्त बाहेर यायचं शिकवलं. पायरी हाताने कशी चाचपायची, कोपर टेकून अंग कसं वर ओढायचं. "आत कुणीबी जातं. भाईर या आधी," म्हणायच्या. मग प्रत्येकाच्या पाठीला दोरीने रिकामा डबा बांधायच्या. सुरुवातीला पाच लिटरचा तेलाचा डबा. चार दिवसांनी तो लहान व्हायचा, मग आणखी लहान. शेवटी पाठीला खोकल्याच्या औषधाची बाटली उरायची, आणि पोर तिच्या भरवशावर अख्खी विहीर पार करायचं. बाटलीने तरंगतोय असं समजणारा एक मुलगा ती शाळेतही बांधून घेऊन गेला होता.

नव्या सोसायट्यांमधल्या बायकाही मुलं घेऊन येत. एकीने विचारलं, "आजी, वॉटर क्लीन आहे ना? म्हणजे टेस्ट वगैरे केलंय का?"

आत्या म्हणाल्या, "मासं जगत्यात. तुमचं पोरगं जगंल."

दुसरी एक मोबाइलवर बोलत बसायची. आत्यांनी तिच्या मुलाला पाण्यातून काढलं, तिच्या मांडीवर ओलाचिंब बसवलं आणि म्हणाल्या, "फोन झाला की पाठवा ह्याला. बुडणारं पोर हाक मारत न्हाय बाई, तोंडात पाणी असतं त्याच्या. बघावं लागतं."

बघण्याचं काम त्यांनी मला दिलं. तिसऱ्या पायरीवर बसायचं, शेजारी ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, तिला दोर बांधलेला. नजर पाण्यावरून हलवायची नाही. "अबोले, तुला बोलता येत न्हाय ते बरंच हाय. बडबड्या बायांना बघता येत न्हाय," त्या म्हणाल्या. मला आजवर कुणी माझ्या गप्प राहण्याबद्दल बरं म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एकही रविवार चुकवला नाही.

आता परीक्षेचं सांगते. आत्या बुडायला लागल्या की काठावरच्या पोराने तीन गोष्टी करायच्या. बूड टेकून खाली बसायचं, बोंब मारायची आणि ट्यूब फेकायची. उडी मारायची नाही, कितीही चांगलं पोहता आलं तरी. आदल्या वर्षी कालव्यात दोन भावंडं गेली होती. धाकटा घसरला आणि मोठा त्याला काढायला गेला. आत्या ते पोरांपुढे कधी बोलल्या नाहीत. मला मात्र एकदा म्हणाल्या, "मोठ्याला पवायला मीच शिकवलं व्हतं. उडी मारू नको हे शिकवायचं ऱ्हायलं."

रेणू महिन्याभरात मासोळीसारखी पोहायला लागली, पण परीक्षेत नापास. आत्या ओरडल्या की हिचे हातपाय थांबायचेच नाहीत. धाडकन उडी मारायची आणि पोहत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायची. पहिल्या वेळी आत्यांनी तिला पाण्यातच दोन्ही हातांनी आवळून धरलं, खरा बुडणारा धरतो तसं, आणि जरा वेळाने सोडलं. रेणू खोकत वर आली.

"मी मेले. तू बी मेलीस," आत्या म्हणाल्या. "जा आता घरी, आईला सांग."

"पण तुम्ही बुडत होता!"

"मग ट्यूब काय पूजेला ठेवलीया?"

दुसऱ्या रविवारी पुन्हा उडी. तिसऱ्या रविवारी पुन्हा. आत्यांनी तिच्या पाठीला परत पाच लिटरचा डबा बांधला. लहान लहान पोरं हसायची. रेणू घरी येऊन रडली. "आई, त्या बुडतायत असं वाटलं की मला राहवतच नाही गं," म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पाठीमागे कालवा होता, आणि ही पोर कुणासाठीही उडी मारणार होती.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार. आत्या पोहत मध्यावर गेल्या आणि थांबल्या. डोकं खाली गेलं, वर आलं. चेहरा आभाळाकडे, तोंड उघडं. आवाज नाही.

"परीक्षा, परीक्षा!" पोरं ओरडली. "आज आत्या नुसती ॲक्टिंग करतायत!"

मलाही परीक्षाच वाटली. रेणू काठाकडे धावली. तिच्या पायाची बोटं दगडाच्या पुढे गेलेली मला दिसली. मला "थांब" म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं नाही. आणि रेणूने एकदम दगडावर फतकल मारली. एका हाताने पायरी धरली आणि "आत्या बुडतायत! धावा!" अशी बोंब ठोकली, की झाडावरचे पक्षी उडाले. मी ट्यूब तिच्याकडे सरकवली. पहिली फेक अलीकडे पडली. तिने दोर ओढून पुन्हा फेकली. या वेळी आत्यांचा हात ट्यूबमध्ये गेला. आम्ही सगळ्यांनी मिळून दोर ओढला.

आत्या पायरीवर आडव्या झाल्या. धापा टाकत होत्या. रेणू त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन वाकलेली. "पास का? आत्या, पास?"

आत्यांनी जरा वेळाने डोळे उघडले. "पास," म्हणाल्या. "जावा समदी. झाडाखाली जांभळं पडल्यात."

पोरं पळाली. मग त्या मला हळू म्हणाल्या, "पाय दाब जरा." मी पोटरीला हात लावला. पेटका येऊन दगडासारखी घट्ट झाली होती.

"आत्या, म्हणजे हे खरंच..."

"गप. पोरीला सांगू नको. आज परीक्षा समजून तिनं उडी आवरली. खरं व्हतं असं कळलं तर पुढच्या टायमाला ती धीर धरायची न्हाय, उडीच मारंल. मोठी होऊ दे." मग पाय ताणत म्हणाल्या, "आन उद्यापासनं तू बी उतर पाण्यात. सहा वाजता ये, कुणी नसतं."

मी उतरले. साडीचा काष्टा मारून, पाठीला पाच लिटरचा डबा बांधून. पहिल्या दिवशी पाण्यात मी इतकी हसले, की नाकातोंडात पाणी गेलं. "आवाज हाय की गं तुला!" आत्या म्हणाल्या.

आत्या गेल्या वर्षी गेल्या, घरात, झोपेत. तेराव्याला त्यांनी शिकवलेली कितीतरी मुलं आली होती, काही तर आता आपली पोरं कडेवर घेऊन. रेणू कॉलेजात आहे, आणि सुट्टीत एका तलावावर लहान मुलांना शिकवते. पंगतीत एकेकाने आत्यांच्या नकला केल्या आणि सगळे जेवता जेवता हसत होते. कुणीतरी म्हणालं, "पण रेणूच्या वेळी काय ॲक्टिंग केली होती! एक शब्द नाही तोंडातून!"

रेणूचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. ती स्वतः मुलांना रोज शिकवते, की बुडणारा ओरडत नाही.

"आई, ते खरं होतं?"

मी म्हणाले, "हो."

तिने घास पानात परत ठेवला. मग म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, शाळा सुरू होणार म्हणून त्यांनी मला उगाच पास केलं."

आणि भाताने बरबटलेल्या हाताने ती पंगतीत उभी राहिली, आणि सगळ्यांना ती गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. पलीकडून एकजण म्हणाला, "चल, काहीही सांगतेस!"

मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पण त्या दिवशी मी पानावरून उठले आणि शेवटच्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "खरं सांगतेय ती. आत्यांची पोटरी मी दाबली होती."