डॉक्टर व्हायचंय ना, मग शरीरशास्त्र घे

आजही कुणी माझ्यासमोर त्या सरांचं कौतुक करायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कौतुक करणारेही थोडेथोडके नाहीत. शिरड शहापूरपासून औंढ्यापर्यंत कुठल्याही गावात जा, साठीच्या पुढचा कुणीतरी भेटतोच, "सरांनी मला मार्गाला लावलं" म्हणणारा. मलाही त्यांनीच मार्गाला लावलं. कसं, ते सांगते.

आमचं घर मेंढरांचं. थोडी कोरडवाहू जमीन, एक कळप आणि दारात दोन-चार शेळ्या. बा वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन बाहेरगावी असायचा. त्या घरात शाळेची पायरी चढलेलं मी पहिलंच लेकरू, त्यात पोरगी. आणि मला डॉक्टर व्हायचं होतं.

याचं कारण माय. तिला बरीच वर्षं अंगावरून जायचं. औंढ्याच्या सरकारी दवाखान्यात जाताना ती मला सोबत न्यायची, कारण बोलायचं काम माझं. डॉक्टर पुरुष. माय तोंडाला पदर लावून भिंतीकडं बघत उभी राहायची, आणि त्याआधी दारातच मला बजावायची, "पोट दुखून राहिलं म्हून सांग." मी तसं सांगायची. डॉक्टर पोटाच्या गोळ्या द्यायचे. त्या माणसाचा तरी काय दोष, त्याला जे सांगितलं त्याचं औषध त्यानं दिलं. गोळ्यांनी मायला गुण येत नव्हता आणि आम्ही पुन्हा जात होतो.

मग मी सातवीत असताना तिथं बाई डॉक्टर आल्या. त्या दिवशी मायनं मला बाहेरच बसवलं. आतून तिचा आवाज येत होता. इतका वेळ, इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू आशी व्हय." त्या एका वाक्यावर मी पुढची चार-पाच वर्षं काढली.

शाळा आमच्या गावापासून कोसभर लांब होती. तिथले हे सर औरंगाबादला कसलंसं शिबिर करून आले आणि येताना 'करिअर मास्तर' होऊन आले. मुलांनी मॅट्रिकनंतर काय करावं हे सांगायचं काम आता त्यांचं होतं. त्यांनी मोठ्या कागदावर एक झाड रंगवलं. खोडावर मॅट्रिक, आणि फांद्यांवर डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पुढे काय?' पंचक्रोशीत त्यांचं नावच 'पुढं काय सर' पडलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एकेकाला त्या झाडासमोर उभं करायचे आणि हातातली छडी फांद्यांवरून फिरवत विचारायचे. पोरं लाजत, खाकरत काहीतरी बोलायची. आमच्याकडं तोवर कुणी कुणाला असं विचारलंच नव्हतं, म्हणून सर आम्हाला देवासारखे वाटायचे.

नववीत जाताना विषय निवडायचे असत. एका बाजूला बीजगणित-भूमिती आणि पदार्थविज्ञान-रसायन. दुसऱ्या बाजूला साधं अंकगणित आणि शरीरशास्त्र. हे दुसरे विषय सर स्वतः शिकवत.

माझी पाळी आली तेव्हा मी "डॉक्टर" म्हणाले. मागं पोरं फिसकन हसली. सर हसले नाहीत. त्यांनी छडी डॉक्टरच्या फांदीवर टेकवली.

"डॉक्टर व्हायचंय ना? मग शरीरशास्त्र घे," ते म्हणाले. "डॉक्टर काय बीजगणितानं ताप उतरवतो का?"

सगळे हसले, मीही हसले. किती सरळ गोष्ट होती ती. डॉक्टरला शरीर बघायचं असतं, तर शरीर शिकावं. माझ्या घरात या पलीकडचं सांगू शकेल असं कोण होतं? माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणजे सरांचीच मुलगी. ती मात्र बीजगणिताकडं गेली. मी सरांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "तिच्या आईचा हट्ट गं. तुझं बघ, तुझं ध्येय पक्कं आहे." मला मैत्रिणीची कीवच आली.

शरीरशास्त्राचं पुस्तक मी अक्षरशः पाठ केलं. हृदयाचे कप्पे, हाडांची नावं, रक्त कुठून कुठं जातं. शेळ्यांचं दूध काढताना मी मायला तिच्या मनगटातली हाडं सांगायची. ती म्हणायची, "एवढाली नावं घिऊन मानूस वागतो तरी कसा." बायकांच्या अवयवांचा एक धडा होता, तो सरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला. तो मी घरी सगळ्यांत जास्त वेळा वाचला. मायला काय होतंय ते मला त्यातून थोडंफार उमगलं.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. चारा नाही, पाणी नाही. बा उरलेली मेंढरं घेऊन लांब निघाला होता आणि माझं नाव शाळेतून काढून मला मायसोबत खडी फोडायच्या कामावर लावायचं ठरलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. त्याचा कुणावर काही परिणाम झाला नाही, कारण तसंही पोटभर कुणीच जेवत नव्हतं.

कुठून कळलं कोण जाणे, सर सायकलवर आमच्या घरी आले. बानं घाईघाईनं घोंगडी अंथरली. सर तिच्यावर मांडी घालून बसले, गुळाचा काळा चहा प्याले आणि म्हणाले, "पोरीला काढू नका. हिच्यासारखी पोरगी माझ्या वर्गात दुसरी नाही. मॅट्रिक तरी होऊ द्या."

"सर, खायाचे वांधे हायेत," बा म्हणाला.

"तेही दिवस जातील. तिची फी माफ करून घेतो, पुस्तकं मी देतो. पण काढू नका."

बा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "तुमी म्हनता म्हंजी बराबरच आसंल."

सर गेल्यावर मी परसात जाऊन रडले. आनंदानं. माझ्यासाठी इतक्या उन्हात सायकल मारत कुणी आलं होतं. दुष्काळ सरल्यावर मायनं वाचलेल्या मेंढरांची लोकर कातली, माझ्या मामानं ती विणली, आणि बानं ते काळंभोर घोंगडं सरांच्या घरी नेऊन दिलं. सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

मॅट्रिकला मी शाळेतल्या मुलींत पहिली आले. बानं शिरडच्या बाजारातून पेढे आणले आणि गावात जाहीर केलं की पोरगी डॉक्टरीण झाली की सरांना दुसरं घोंगडं. माय लगेच टकळी घेऊन बसली.

नांदेडच्या कॉलेजात मी आणि बा वसमतवरून एसटीनं गेलो. बा फाटकाजवळ लिंबाखाली बसला. मी सायन्सच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले. आतल्या कारकुनानं माझी गुणपत्रिका बघितली, पुन्हा बघितली आणि परत केली.

"आर्ट्सच्या खिडकीवर जा, पोरी."

"मला डॉक्टर व्हायचंय," मी म्हणाले. "शरीरशास्त्रात माझे सगळ्यांत जास्त मार्क आहेत."

तो चिडला नाही, हसलाही नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "ज्यांना पुढं सायन्स घ्यायचं नसतं त्यांच्यासाठी असतो तो विषय," तो म्हणाला. "बीजगणित नाही, पदार्थविज्ञान नाही, तर सायन्सला घेता येत नाही. तुमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही का?"

मी बाजूला झाले. माझ्या मागं चार जणांनंतर माझी मैत्रीण उभी होती. तिनं आपले कागद आत दिले आणि तिला प्रवेश मिळाला. बाहेर येऊन तिनं माझा हात धरला.

"तू इथं कशी? बाबा तर म्हणाले, तुझं लग्न ठरतंय."

"तुला काय घ्यायचंय?" मी विचारलं.

"डॉक्टरकीला जमतंय का बघायचं," ती म्हणाली, आणि माझं तोंड बघून तिनं धरलेला हात सोडला.

परत येताना मी बाला घराकडं पाठवलं आणि सरळ सरांच्या घरी गेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपरची घडी केली. ज्या अर्थी त्यांनी "काय झालं" असं विचारलं नाही, त्या अर्थी त्यांना सगळं ठाऊक होतं.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला. मग शिकवतात तशा शांत आवाजात त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या विषयांना पोरं जेमतेम होती. एक-दोन जरी कमी झाली असती तरी वर्ग बंद पडला असता, ते जादा ठरले असते, आणि बदली पार किनवटच्या जंगलात. मुलीचं शिक्षण, बायकोचं आजारपण. "तू समजूतदार आहेस," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का, मला वाटलं होतं, मॅट्रिकपर्यंत तुझं लग्न होऊन जाईल. मग काय फरक पडतो."

तेव्हा कुठं मला ती सायकल दिसली, भर उन्हात आमच्या दाराला टेकवलेली. दुष्काळात वर्गातली पोरं गळत होती. सर मला वाचवायला आलेच नव्हते. की थोडे तरी आले होते? हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. नुसता लबाड माणूस असता तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते.

निघताना ते मागून म्हणाले, "ऐक, बी.ए. कर. मग बी.एड. शिक्षिकेची फांदी तुझ्यासाठी चांगली आहे."

मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, शिक्षिका झाले. काय करणार? माझ्या शाळेत मार्गदर्शनाचे तक्ते आले, व्याख्यानं झाली, पाहुणे येऊन मुलांना मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगून गेले. निवृत्त झाल्यावरही तिथं जाऊन मी मुलींना वेगळं बसवते आणि आधी हे सांगते की हा विषय घेतलास तर अमुक अमुक दारं तुला कायमची बंद. मग बापाला बोलावून त्यालाही तेच सांगते. मुली रडकुंडीला येतात. माझ्या नावानं बोटं मोडतात, मोडू देत.

त्या दिवशी सरांच्या ओट्यावरून घरी जाऊन मी सगळं सांगितलं. बानं ऐकून घेतलं. चिलीम झटकली. "सर काहून खोटं सांगतील?" तो म्हणाला. "तुलाच मार्क कमी पडले आसतील." मी ओरडून सांगितलं की मी पहिली आलेय. तो म्हणाला, "हितं पहिली. नांदेडात कोन इचारतं." सरांबद्दल माझ्या बापाचं मत मरेपर्यंत बदललं नाही. रस्त्यात सर दिसले की तो पायातल्या वहाणा काढून उभा राहायचा.

माय मात्र कातायची थांबली होती. "म्हंजी तू आता न्हाई व्हनार?"

"न्हाई."

तिनं टकळी उचलली, कातलेली लोकर तिच्यावर गुंडाळली आणि वर फळीवर ठेवून दिली. बा दुसऱ्या घोंगड्याचं बोलला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लोकर माझी हाय." ते घोंगडं विणलं गेलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मायला पुन्हा त्रास सुरू झाला. आम्ही औंढ्याला गेलो. बाई डॉक्टरांची बदली झाली होती. खुर्चीवर एक तरुण डॉक्टर होते, चांगले असावेत, त्यांनी मायला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "काय होतंय, मावशी?"

माय बसली नाही. तोंडाला पदर लावून तिनं भिंतीकडं तोंड केलं. आजाराचं नाव मला येत होतं, अवयवाचं येत होतं, त्या धड्यातली आकृती मी डोळे मिटून काढू शकले असते. मी बोलायला तोंड उघडलं तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"पोट म्हन," ती पुटपुटली.

"पोट दुखतंय तिचं," मी म्हणाले, आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.