स्पंजातली काळी घाण

गल्लीत तिला सगळे चकचक वहिनी म्हणायचे. त्यात थट्टा होती तेवढाच धाकही होता. पाहुणा उठायचा अवकाश, खुर्चीवर फडकं फिरलंच म्हणून समजा! त्यात नवऱ्याच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "घर स्वच्छ ठेवा, जंतुसंसर्ग परवडणार नाही." झालं! नवरा दवाखान्यातच होता, तोवर बाईने अख्खं घर जंतुनाशकाने धुऊन काढलं. दाराच्या कड्यासुद्धा सुटल्या नाहीत. शेवटी त्याच्या माशांच्या टाकीतला फिल्टर उघडला, तर आत काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज. "शी!" म्हणत तिने तो जंतुनाशकात भिजवला, खळखळून धुतला आणि नव्यासारखा करून परत बसवला.

काही दिवसांतच मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकू लागले. त्यातला सगळ्यात जुना, नवऱ्याचा लाडका 'म्हातारा', तर खायलाही येईना.

नवरा रोज फोनवर विचारायचा, "म्हातारा कसा आहे?"

"छान आहे हो. आणि तुम्ही?"

"मीही छान."

फोन ठेवला की ती टाकीपाशी धावायची. तो घरी येईल, टाकीत म्हातारा नसेल, आणि आधीच खचलेला माणूस... पुढचं तिला मनातही आणवत नव्हतं.

शेवटी ती शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे धावली. ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, ती घाण नव्हती हो! जंतूंची वस्ती होती, तुम्ही ती उठवलीत."

"जंतू गेले तर बरंच ना?"

"कसलं बरं! मासे पाण्यात अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विष. एका जातीच्या जंतूंचं पोटच त्या अमोनियावर. ऑक्सिजन घेऊन ते तो जणू जाळतात, त्यातून त्यांना जगायची ताकद मिळते. मागे उरतो नायट्राइट. तोही विषच, पण त्यावर दुसरे जंतू जगतात. ते त्याचं नायट्रेट करतात, आणि ते माशांना फारसं बाधत नाही."

"मग येतील ना ते परत?"

"येतील, पण सावकाश. या जाळण्यातून ताकद मिळते ती चिमूटभर. वाढायला आठवडे जातात."

नवरा तर रविवारी येणार होता.

दुकानदाराने आपल्या टाकीतल्या स्पंजाचा मळकट तुकडा पिशवीत घालून दिला. जिने जन्मात दुसऱ्याचं फडकं हातात धरलं नाही, तिने ती घाण छातीशी धरून घरी आणली आणि आपल्या हाताने फिल्टरमध्ये बसवली. मग रोज थोडं पाणी बदलायचं, चिमूटभरच खायला घालायचं, आणि पाणी तपासायच्या पट्टीकडे बघत बसायचं. अमोनिया जरा उतरला, तर नायट्राइट चढला. जीव नुसता टांगणीला!

रविवारी नवरा आला आणि थेट टाकीपुढे बसला. म्हातारा बुडबुड्यांपाशी कसाबसा तरंगत होता.

"हा आजारी आहे," नवरा म्हणाला. "तू तर रोज छान आहे म्हणायचीस."

तिला रडूच कोसळलं. "मीच केलं हो! तुमच्यासाठी जंतू मारायला गेले आणि याला जगवणारेच मारून बसले. तुम्हाला ऐकून सोसलं नसतं, म्हणून खोटं बोलले."

मग त्याने तिचा ओला हात धरून तिला शेजारी बसवलं.

"अगं, मीही तुला रोज छान आहे म्हणायचो."

"म्हणजे?" तिने विचारलं.

"पुन्हा दवाखान्यात जायचंय. गाठ सगळी निघालेली नाही."