रेडिओ मावशीचं मौन

धुकं असं दाटलं होतं की अंगणातला नळ चालू आहे की बंद, ते हात लावल्याशिवाय कळत नव्हतं. मावशीने चाचपतच बादली भरली, स्वयंपाकघराची कडी काढली, मोठ्या शेगडीला काडी लावली आणि सवयीने तोंड उघडलं. उघडलं आणि लगेच मिटलं. आज बोलायचं नव्हतं. उद्याही नाही, परवा दुपारच्या जेवणापर्यंत नाही. शेगडीशीसुद्धा नाही, कारण मावशी शेगडीशी बोलायला लागली की ते पार प्रार्थनाघरात ऐकू जायचं.

घर शाळेचंच, पण शाळेपासून लांब, टेकडीच्या उतारावर. सिस्टर लोकांच्या शाळेतल्या शेवटच्या वर्गाच्या मुली दरवर्षी परीक्षेआधी इथे रिट्रीटला यायच्या. मोबाईल बंद, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, फादरांची प्रवचनं आणि या सगळ्यावर मौन. जेवतानासुद्धा चमच्यांचाच काय तो आवाज. आपण कोण, पुढे काय व्हायचं, देवाला आपल्याकडून काय हवंय, याचा मुलींनी शांतपणे विचार करायचा. मुली विचार करायच्याही, पण त्यातला बराचसा जेवणाचा असायचा. त्यामुळे देवानंतर या घरात वजन होतं ते मावशीचं.

मावशी इथे आली ती नवरा गेल्यावर, कांदे सोलायला. मग आधीची स्वयंपाकीण गुडघ्यांनी हरली आणि डाव मावशीच्या हातात आला. तेव्हापासून ही चार भिंतींची, काळ्या छताची खोली तिची. घरी मुलगा-सून होते, पण सून स्वतःच अशी बोलकी की तिच्यापुढे मावशीला श्वास घ्यायला फट सापडायची नाही. इथे मात्र मावशी बोलायची आणि भांडी ऐकायची. भांडीच कशाला, पाव घेऊन येणारा, गॅसवाला, गेटवरचा वॉचमन, भिंतीपलीकडचा माळी, सगळे ऐकायचे. घरात कुणाला शिंक आली की गेटपर्यंत सर्दी पोचायची. मुलींनी तिचं नाव रेडिओ मावशी ठेवलं होतं आणि मावशीला ते मनापासून आवडायचं.

पण गेल्या वर्षी रेडिओने हद्द केली. फादर ध्यानाला बसले की डोळे मिटतात, ते ध्यानाने नव्हे तर दुपारच्या बटाट्यांनी, ही बातमी तिने दोन मुलींना वाढता वाढता दिली. झालं. त्यानंतर फादरांनी डोळे मिटले रे मिटले की अख्खा वर्ग ओढण्यांचे बोळे तोंडात कोंबून हलायला लागला. ध्यानाचा पार बोजवारा उडाला.

मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, तेव्हा काही बोलल्या नाहीत. या वर्षी मात्र मुलींची बस यायच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. करड्या चेहऱ्याची, ताठ कण्याची बाई. शाळेत त्यांच्या चपलांचा आवाज आला की फळ्यावरचा खडूसुद्धा सरळ चालायचा.

"मावशी, एक ठेकेदार भेटलाय," त्या म्हणाल्या. "गरम जेवण डब्यांतून पोचवतो. आणि त्याचे डबे बोलत नाहीत."

पुढचं सिस्टरांनी थोडक्यात सांगितलं. या तीन दिवसांत कामापुरतं बोलायचं. स्वयंपाकघरातून एक जरी चहाडी बाहेर आली तर पुढच्या वर्षीपासून डबे. नाही आली तर मावशी. बाकी निवृत्तीचं वय वगैरे त्या बघून घेणार होत्या.

तर अशी ही सकाळ. दहाच्या सुमारास मुली आल्या, आणि आल्या आल्या दरवर्षीची चिठ्ठ्यांची गंमत झाली. त्या घरात एक रीत होती. छताखाली जेवढी माणसं, तेवढ्यांची नावं फादरांच्या उन्हाळी टोपीत टाकायची आणि प्रत्येकाने एक उचलायचं. ज्याचं नाव येईल त्याचं गुपचूप भलं करायचं, आपण कोण ते शेवटच्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत कळू द्यायचं नाही. याला म्हणायचं गुप्त देवदूत. मावशीच्या वाट्याला वॉचमन आला. तिने त्याच्या चहात साखर जास्त घातली आणि त्याने पहिल्याच घोटाला ओळखलं, कारण एरवी मावशी त्याच्या चहात साखर मोजूनच घालायची.

मावशीचा देवदूत कोण, ते मात्र कळेना. दुपारी तिचा एप्रन घडी घालून ठेवलेला सापडला. खिडकीत एक फूल दिसलं. मावशी खूश. मग संध्याकाळी तिने आम्लेटसाठी तवा काढला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो बिडाचा तवा होता. वर्षानुवर्षं तेल पिऊन पिऊन काळा कुळकुळीत झालेला, अंडं टाकलं की आपणहून घसरून ताटात येईल असा. साबण कधी त्याच्या वाऱ्याला उभा राहिला नव्हता. आणि आता तो चक्क पांढुरका पडला होता. कुणीतरी तारेच्या घासणीने, पावडर टाकून, जीव ओतून, तव्याची सात जन्मांची पुण्याई खरवडून काढली होती. वर तो दिसेल असा मधोमध उभा करून ठेवला होता, कौतुकासाठी.

पहिलं आम्लेट तव्याला चिकटलं. दुसरं चिकटलं. त्या रात्री मुलींनी आम्लेटच्या नावाखाली अंड्याचा चिवडा खाल्ला आणि मौन असल्यामुळे कुणी तक्रारही केली नाही. मावशी मात्र आतून उकळत होती. देवदूताची मानगूट धरल्याशिवाय ती राहणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळे आपापल्या खोलीत एकांताच्या प्रार्थनेला गेले. या वेळी मावशी कोठीत आडवी व्हायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती आडवी झाली नाही. बटाट्यांच्या पोत्यामागे उकिडवी बसली आणि दाराच्या फटीला डोळा लावला. तिचा संशय दोन वेण्यांच्या एका उंच पोरीवर होता, ती सारखी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळायची.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आत आल्या मोठ्या सिस्टर.

त्यांनी बाह्या वर सारल्या. फळीवरचे चमचे काढून फडक्याने घासायला घेतले. घासता घासता त्या गुणगुणत होत्या, आणि ते भजन नव्हतं, चांगलं ठेक्याचं गाणं होतं. मावशी डोळे फाडून बघत राहिली. चमचे झाले. सिस्टरांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, जॅमच्या बरणीचं झाकण फिरवलं आणि आत बोट घातलं. बोट चाटलं. पुन्हा घातलं. त्याच सकाळी त्यांनी मुलींना तासभर संयमावर व्याख्यान दिलं होतं.

सिस्टर गेल्यावरही मावशी पोत्यामागेच बसून राहिली. आयुष्यात इतकी मोठी बातमी तिच्या हाती लागली नव्हती, आणि ती सांगायची सोय नव्हती. सांगितली की डबे. डबे आले की घर, आणि घरी सून. बातमी पोटात अशी काही फिरायला लागली की मावशीला उचकी लागली. वॉचमन चहाला आला, तिचा चेहरा बघून त्याने बरं नाही का म्हणून विचारलं. मावशीने पावाचा जाड तुकडा तोंडात कोंबला आणि मानेनेच नाही म्हटलं. वॉचमन घाबरला. मावशीला विचारलं आणि मावशी बोलली नाही, असं कधी झालं नव्हतं.

पण बातमी सांगता येत नसली तरी वापरता येते, हे मावशीच्या जरा वेळाने लक्षात आलं. कामापुरतं बोलायची मुभा होतीच. मग ती मोठ्या सिस्टरांच्या खिडकीखाली गेली आणि तिने वॉचमनला कामाचंच सांगितलं, जरा मोठ्याने. वरच्या फळीवरची कोळिष्टकं काढायला हवीत, पण खांदा वर होत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पाहते तो फळी लख्ख. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी उभं राहून तिने हातातल्या कांद्यांच्या टोपलीकडे बघत, इतके कांदे कोण चिरणार म्हणून मोठ्याने सुस्कारा सोडला, आणि मिरी कुटायची राहिल्याचंही बोलून दाखवलं. नाश्त्यानंतरच्या एकांतात कांदे चिरून झाले, मिरी कुटून झाली. न्याहारीला कोरडी ठणठणीत असलेली करडी बाई प्रवचनाला लाल डोळ्यांनी बसली. सिस्टर प्रार्थनेत रडल्या म्हणून मुलींवर भलताच परिणाम झाला. दोघीतिघींनी तर तिथल्या तिथे डोळे पुसले. फादरांना वाटलं, आपलं प्रवचन रंगलं. मावशी दारातून हे बघत होती आणि गाल आतून चावत होती. तवा मात्र तिने पोत्यांखाली लपवून ठेवला होता. भलं करून घ्यायचं, पण बेताने.

शेवटचं दुपारचं जेवण संपलं, फादरांनी घंटी वाजवून मौन सोडलं आणि बांध फुटावा तसा मुलींचा कलकलाट उसळला. तेवढ्यात कोठी सांभाळणाऱ्या धाकट्या सिस्टर जॅमची बरणी घेऊन उभ्या राहिल्या. बरणी तळाला गेली होती. कोवळ्या, नव्या, नेमाच्या पक्क्या अशा त्या सिस्टर. आपण इथे आत्मपरीक्षणाला आलो आहोत, असं म्हणून त्यांनी मुलींना विचारलं, हे कुणी केलं. दोन वेण्यांची पोर उगाचच लाल झाली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग धाकट्या सिस्टर मावशीकडे वळल्या. दुपारी स्वयंपाकघरात कोण येतं, मावशींना माहीत असणारच. मावशींना काय माहीत नसतं.

सगळं जेवणघर मावशीकडे बघायला लागलं. मोठ्या सिस्टर ताटाकडे बघत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

मावशीच्या जिभेच्या टोकावर ती बातमी येऊन बसली, पाय हलवत. एक शब्द आणि हशा छप्पर फाडून गेला असता. तिने पोरीकडे पाहिलं. पोरीचे ओठ थरथरायला लागले होते.

"मी खाल्ला," मावशी म्हणाली. "बोटाने."

धाकट्या सिस्टरांचा चेहरा पडला. कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मावशी एप्रनला हात पुसत उभी राहिली. आता चहाडी नाही तरी चोरी झाली, म्हणजे डबे पक्के, असा हिशोब तिच्या डोक्यात चालला होता आणि त्याच वेळी आपण इतक्या मूर्ख कधीपासून झालो याचंही तिला नवल वाटत होतं.

खुर्ची सरकली. मोठ्या सिस्टर उठल्या.

"मावशी खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "बोट माझं होतं."

मग सिस्टरांनी एका दमात सगळंच सांगून टाकलं, की मावशींची देवदूत मी, एप्रन मी, फूल मी, कांदे मी, तवासुद्धा मीच घासला आणि तो काय सुरेख निघाला. सिस्टरांच्या बोटाला जॅम, ही कल्पनाच मुलींना सोसेना. हसून हसून दोघी बाकाखाली गेल्या. फादर डोळे मिटून हसत होते, आणि या वेळी ते जागे आहेत याबद्दल कुणालाही शंका नव्हती. धाकट्या सिस्टर बरणी कुठे ठेवावी या विचारात तशाच उभ्या होत्या.

बस भरायला लागली तेव्हा मोठ्या सिस्टर स्वयंपाकघरात आल्या.

"कधीपासून माहीत होतं?"

"काय ते?" मावशीने विचारलं.

"माझ्याच खिडकीखाली कांदे कसे आठवत होते तुम्हाला?"

मावशी शेगडी पुसायला लागली. कुणाकुणाला सांगितलं, सिस्टरांनी विचारलं.

"कुणाला नाही. पोट बघा माझं, फुगलंय."

सिस्टरांच्या तोंडाचा करडा कोपरा जरासा हलला. ठेकेदाराला आजच फोन करून नको म्हणते, असं सांगून त्या वळल्या आणि दारात थबकल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तुमचंच नाव आलं तर काय करू, त्यांनी विचारलं.

"काहीही करा सिस्टर. फक्त भांड्यांचं भलं करू नका."

बस उतारावरून गेली. वॉचमन लगबगीने स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसला आणि आत नक्की काय काय झालं ते पहिल्यापासून सांग म्हणाला. मावशीने वाटाण्याचा डबा काढला, परात पुढे ओढली आणि रात्रीसाठी भिजत घालायचे वाटाणे निवडायला बसली. खडे एका बाजूला, वाटाणे दुसऱ्या बाजूला.

"काही नाही रे," ती म्हणाली. "जेवले आणि गेले."