सरावातलं वाक्य

दवाखान्यात तिला सगळे 'पोपटवाली बाई' म्हणायचे. पक्षाघाताच्या झटक्यानं वाचा गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. दिवसभर आपलं 'छान! पुन्हा म्हणा' चालू.

आणि नशीब बघा, झटका आला तो तिच्याच वडिलांना. उभा जन्म बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात गेलेला माणूस. आवाज असा खणखणीत, की माईक बंद पडला तरी कुणाची गाडी चुकायची नाही. आता वर्ष झालं, तोंडून स्वतःचं असं एक वाक्य निघालं नव्हतं. ती म्हणेल ते तिच्यामागून म्हणायचे, एवढंच.

अशात तिला पीएचडीची जागा चालून आली. दूरच्या शहरात, चार वर्षांसाठी. तिथल्या मॅडमनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत कळव, नाहीतर दुसरीला घेते." किती वर्षं उराशी धरलेलं स्वप्न हो तिचं! वडिलांच्या कानावर तिनं घातलं होतं, त्यांच्यासाठी माणूसही ठेवता आला असता. पण पाय निघेना, आणि राहायचं म्हटलं की जीव तुटायचा.

शुक्रवारी सकाळी दोघं सरावाला बसले. खिडकीपाशी, समोरासमोर, मध्ये ओठ बघायला आरसा.

"म्हणा बाबा, चहा गरम आहे."

म्हणाले.

"दार लाव."

तेही म्हणाले. मग तिनं, अगदी लबाडीनं बरं का, मध्येच घुसडलं, "तू खुशाल जा." त्यांच्या तोंडून होकार ऐकायचा होता तिला, उसना का होईना.

बाबांनी आरशातून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. तिनं पुन्हा सांगितलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द तिचे नव्हते. एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, "मला... भीती... वाटते."

"छान! पुन्हा म्हणा," ती बोलून गेली.

जिभेवर बसलेलं वाक्य, काय करणार! आणि बाबांनी, तिनंच लावलेल्या वळणानं, निमूटपणे पुन्हा म्हटलं. या वेळी जास्त स्पष्ट. "मला भीती वाटते."

तेव्हा कुठे तिला कळलं, हा सराव नव्हता. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. आरसा बाजूला सारून तिनं त्यांचा धड हात घट्ट धरला.

"मलाही वाटते, बाबा," ती म्हणाली, आणि रडली.

संध्याकाळी तिनं मॅडमना फोन करून 'मी येत नाही' म्हणून कळवलं. मॅडम चिडल्याच. "अगं, अशी जागा पुन्हा मिळते का? कारण तरी सांग."

"बाबा बोलायला लागलेत," ती म्हणाली.