वासापुरती टकीला

गंगापूर धरणाच्या बाजूला एका द्राक्षमळ्यात मी पाहुण्यांना वाइन चाखायला शिकवतो. ग्लास दांडीला धरा, गोल फिरवा, नाक आत घाला, मग घोट घ्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मंडळींपुढे हे मी इतक्या वेळा म्हटलंय, की घरी ताकाचा पेलासुद्धा माझ्या हातात आपोआप गोल फिरतो. बायको म्हणते, ताक घुसळून झालंय, आता प्या.

या हिवाळ्यात मालकांनी ठरवलं की आपल्याकडे टकीलाही ठेवायची. द्राक्षाच्या मळ्यात टकीला कशाला, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी मालक सोडून सगळ्यांना ऐकवलं. मग आम्हाला शिकवायला मुंबईहून एक गृहस्थ आले. त्यांनी ग्लास मांडले आणि मी सवयीप्रमाणे पहिलाच ग्लास गरागरा फिरवून नाक आत घातलं. नाकात आग झाली, डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेजारी बघतो तर आमचे सगळेच लोक तसंच करून खोकत होते. वाइनवाल्यांचं हे नेहमीचं, असं ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. एवढ्या कडक दारूचा ग्लास फिरवला की आधी वाफच अंगावर येते. ग्लास हनुवटीशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि वासाला आपल्याकडे येऊ द्यायचं. वीस वर्षं जे शिकवलं ते एका सकाळीत विसरायला सांगत होते. मला राग आला, पण मजाही वाटायला लागली.

मग त्यांनी झाडाचा फोटो दाखवला आणि मला हसू फुटलं. ते तर आपलं घायपात. सिन्नरच्या बाजूला बांधाबांधावर उभं असतं ते. गुरं आत येऊ नयेत म्हणून लावायचं, पानांच्या वाखाचे दोर वळायचे, आणि चीक अंगाला लागला की दिवसभर खाजवत बसायचं. टकीलाचं झाड याच्या भावकीतलं, निळसर पानांचं. सात-आठ वर्षं वाढवून त्याची पानं छाटतात, मधला गड्डा शिजवतात आणि त्याच्या रसाची दारू काढतात. मेक्सिकोतल्या ठरलेल्या मुलखाबाहेर काढली तर तिला टकीला म्हणता येत नाही. आपल्या दख्खनच्या घायपाताचीही आता दारू निघते, तिची बाटलीही त्यांनी आणली होती. तिला मिरचीच्या देठासारखा हिरवा वास होता. ज्याला आम्ही जन्मभर कुंपण समजत आलो त्याच्यात हे दडलेलं होतं, याचं मला फार नवल वाटलं.

बाकीच्यांत मला हळूहळू फरक कळू लागला. ब्लँको म्हणजे लाकडाच्या पिंपात न ठेवलेली, पाण्यासारखी स्वच्छ. तिच्यात गड्डा सरळ बोलतो, थोडा गोड, थोडा मिरीसारखा. रेपोसादो काही महिने पिंपात राहते आणि जरा शहाणी होते. अन्येहो वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरते. तिला व्हॅनिला आणि जायफळाचा वास येतो, पण घायपात शोधावं लागतं. पाहुण्यांना तीच आवडणार हे मी तेव्हाच ओळखलं. मला मात्र ब्लँको आवडली. मीठ चाटून, लिंबू चोखून घोट घशाखाली लोटणं म्हणजे चव लागू नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे, हेही मला त्या दिवशी पटलं.

उरलेले नमुने मी छोट्या बाटल्यांतून घरी आणले. सराव करायचा होता हे खरं. पण मनात दुसरंच होतं, आणि ते बायकोचं नाक होतं.

बायको वणीकडची. आमच्या सातपूरच्या कॉलनीत तिचा काळा मसाला प्रसिद्ध. उन्हाळा लागायच्या आधी मागच्या अंगणात चूल मांडून, मोठ्या लोखंडी कढईत धणे, खोबरं, दगडफूल, मिरच्या सगळं ती स्वतः भाजायची आणि मग डंकावर कुटून आणायची. काळा मसाला काळा व्हायला हवा, पण करपायला नको, आणि ही दोन टोकं अगदी जवळजवळ असतात. ती डोळ्यांवर विश्वास ठेवत नसे. तोंड बाजूला करून नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, उतरवा.

गेल्या वर्षी तिला ताप आला आणि तापाबरोबर वास गेला. तरी तिने मसाला केला. मिरच्यांचा ठसका लागत होता, म्हणून नाक चालू आहे असं तिला वाटलं. ठसका म्हणजे वास नव्हे, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. तोवर सगळा घाणा करपून, कुटून घरोघरी गेला होता. शेजारच्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "यंदा जरा कडवट लागतो का हो?" बायकोने दुसऱ्या दिवशी कढई घासली, तेल लावलं आणि मला माळ्यावर ठेवायला लावली. नंतर तिने तो विषयच काढला नाही. आता पुन्हा बाजारात नव्या मिरच्या आल्या होत्या, बायका फाटकाशी येऊन विचारत होत्या, आणि ती हसून गुडघ्यांचं कारण सांगत होती. तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. ते हसणं मला बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला रोज ठरावीक वास घ्यायला सांगितले होते, लवंग, लिंबू, निलगिरी. तिने काही आठवडे घेतले आणि सोडून दिले. मी चिडलो तेव्हा म्हणाली, "लवंग हुंगली की लवंग आठवते. वास येतोय का आठवण येतीय, मला कसं कळायचं?"

याचं उत्तर मला मळ्यात टकीला हुंगताना सापडलं. या बाईने आयुष्यात कधी घायपाताच्या दारूचा वास घेतलेला नाही. तिच्याकडे आठवण नाही, म्हणजे जे येईल ते नाकातूनच येईल.

सोमवारी मला सुट्टी असते. दुपारची जेवणं झाल्यावर मी ग्लास मांडले.

"आता घरात बी सुरू का?" ती म्हणाली.

"प्यायची नाही. नुसता वास घ्यायचा."

"सोमवारी?"

"वासाने सोमवार मोडत नाही."

ती कुरकुरत बसली. ग्लास हनुवटीशी, तोंड उघडं, सगळं मी सांगितलं. कुठल्या ग्लासात काय आहे ते मात्र सांगितलं नाही. ब्लँकोपाशी ती म्हणाली, "झोंबतंय." रेपोसादोपाशी म्हणाली, "हे बी झोंबतंय, पण कमी." अन्येहोला तिने खांदे उडवले. आपल्या दख्खनच्या घायपाताच्या दारूवर मी फार आशा लावून बसलो होतो, तिथे तर ती म्हणाली, "पाणी हाय का हे?" मला वाईट वाटलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उगाच घायपाताची माहिती देत बसलो. गड्डा कसा शिजवतात, कितीतरी वर्षं कसा वाढतो वगैरे. बोलता बोलता शेवटचा ग्लास तिच्या हातात दिला. ती मेस्काल होती, मेक्सिकोतलीच घायपाताची दुसरी दारू. तिच्यासाठी घायपाताचे गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर, वर माती लोटून भाजतात, आणि तो धूर दारूत उतरतो. हे मात्र मी बोललो नव्हतो.

तिने ग्लास हनुवटीशी धरला. माझं बोलणं चालूच होतं. तिने ग्लास टेबलावर ठेवला आणि उठली.

"कुठे चाललीस?"

"गॅसवर काय ठेवलंय तुम्ही? करपतंय ना."

ती स्वयंपाकघरात गेली. मी जागचा हललो नाही. गॅस बंद होता, ओटा पुसलेला होता, हे मला बसल्या जागेवरून माहीत होतं. भांडं हलवल्याचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी नुसतं त्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

तिने तो पुन्हा उचलला. डोळे मिटले. या खेपेला फार वेळ लावला.

"बाकी काय नाय येत," ती म्हणाली. "गोड नाय, आंबट नाय. नुसतं करपट येतंय."

"तेवढंच येतंय?"

"तेवढंच तर लागतं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग माळ्याकडे बघून म्हणाली, "स्टूल घ्या, अन् ती कढई खाली काढा."